चावी पलीकडेच राहू दे

ता. ३ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही जिवंत आहोत, तुमचंही तसंच कळव.

तुझा नवरा, आमचा खांब, वीजघरात अजून ताठ उभा असेलच. लढाई पेटली तरी त्याने आमच्या पंपाची वीज तोडली नाही आणि मी नदीपलीकडच्या तुमच्या शहराच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला नाही. त्यावरून काल आमच्या गल्लीने मला लोळवला. शत्रूला पाणी का पाजतोस, असं विचारत होते. वीज गेली तर तुम्ही काय प्याल, एवढं बोलेपर्यंत माझे दोन दात पडले. तुझी वहिनी म्हणते, आता तरी तोंड कमी चालेल.

पुलावर फुटलेली पाइपलाइन जोडायला दोन्हीकडचे फिटर पांढरं फडकं लावून भेटतात. हे पत्र त्यांच्याच हत्यारांच्या पेटीतून येतंय. उत्तरही तसंच धाड.

तुझी काळजी करणारा,
दादा

ता. १० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दातांचं वाचून रडले, वहिनीचं वाचून हसले. खांबालाही आमच्या लोकांनी बदडलाय, एक डोळा सुजून बंद आहे. तरी वीज तोडायला आलेल्या साहेबाला त्याने सुनावलं की पाणी गेलं तर आधी तुमच्याच घरचे बादल्या घेऊन बोंबलत येतील.

वॉर्डातली फरशी रक्ताने चिकट झालीय. पाय तुटलेली पोरं येतात. जखमा धुवायला पाणी आहे, म्हणून आम्ही नर्स अजून उभ्या आहोत. दादा, काहीही झालं तरी ते थांबवू नकोस.

वहिनीला नमस्कार. माया आटू देऊ नकोस.
तुझी छोटी

ता. १९ फेब्रुवारी

छोटे,

तुमच्या बाजूचा तोफगोळा आमच्या अंगणात पडला. वहिनी कपडे वाळत घालत होती. तिला मी चादरीत गोळा केली. हात अंगठीवरून ओळखला.

तसाच पंपघरात गेलो, चावी लावली आणि तुमचा व्हॉल्व्ह गच्च आवळला. तुम्ही सगळ्यांनी तडफडून मरावं असं वाटत होतं. सगळ्यांत तूही होतीस. मग हात धुवायला नळ सोडला. तिचं रक्त पाण्याबरोबर वाहून गेलं, आणि तुझी ती फरशी आठवली. व्हॉल्व्ह पुन्हा उघडला.

पण राग गेलेला नाही. उद्या परत आवळीन. म्हणून ही व्हॉल्व्हची लोखंडी चावीच पाठवतोय. दुसरी गोदामाच्या आगीत गेली. मी मागितली, शिव्या दिल्या, शपथ घातली तरी परत देऊ नकोस.

दादा

ता. २७ फेब्रुवारी

चावी परत पाठव. तुला वहिनीची शपथ.

ता. ६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चावी पाठवत नाही. तूच बजावलं होतंस.

दोन्ही देशांची मोठी माणसं अखेर एका टेबलाशी बसली. सगळ्यावरून भांडली म्हणे, पण पाणी आणि वीज तोडायची नाही हे कलम सर्वांत आधी मान्य झालं, कारण दोन्ही चालूच होती. पेपरात फोटो आलाय. खांब म्हणतो, बघ, सगळ्यांचे दात शाबूत आहेत.

रविवारपासून पूल पायी जाणाऱ्यांना उघडणार आहे. तुझा राग ठाऊक आहे मला. तो घेऊनच ये. मारावंसं वाटलं तर मार. वहिनीसाठी मी अजून रडलेले नाही, वॉर्डात सवडच मिळत नाही. पुलाच्या मध्यावर चावी घेऊन उभी राहीन. आधी दोघं पोटभर रडू. त्यानंतरही मागितलीस तर देईन.

लोभ उरला असेल तर ये, नसेल तर भांडायला ये.
तुझी छोटी