चर्चमधल्या मेंढ्या

४ मे
बरसौमो चिडला, मग मीही चिडले. तेवीस वर्षांनी स्वीडनहून तुर्कस्तानात आलेला धाकटा भाऊ. चहा घेतला न घेतला तोच म्हणाला, ‘आधी गावाला जाऊ. चर्च बघायचंय.’

घरं जवळजवळ सगळी पडलेली, आई गेल्यावर आमचंही. चर्चला छप्पर नाही, पण दीड हजार वर्षांच्या कमानी उभ्या आहेत. आणि आत मेंढ्या! चाळीसेक तरी. वेदीपुढे लेंड्यांचा घोट्याएवढा थर.

तो दारातच रडला. मग माझ्याकडे वळला. ‘तू इथेच होतीस ना? राहतेस मिद्यातला, इथून वीस किलोमीटर. काय करत होतीस?’

काय करत होते? आई हट्टाने गावातच राहिली. तिला मी न्हाऊ घातलं, भरवलं, पुरलं. हा फोनवर रडला.

पण आई गेल्यापासून सहा वर्षं मी इथे पाऊल टाकलं नाही. हे त्याला बोलले नाही.

५ मे
मेंढ्या रमोच्या. गावात आता या कुर्दी माणसाचं एकच घर उरलंय. बरसौमोला कुर्दी बोलता येईना, म्हणून शिव्या माझ्या तोंडून गेल्या. ‘तुझ्या मशिदीत बांधशील का जनावरं?’

रमोने मान खाली घातली. ‘बहिणी, मला काढायला लावू नकोस.’ का ते सांगेना.

‘आजच्या आज काढ,’ मी म्हटलं.

संध्याकाळी मेंढ्या गेल्या. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

८ मे
तीन दिवस लेंड्या उपसतेय. पाठ मोडली. बरसौमो फोटो काढतोय.

११ मे
रविवार. मेणबत्त्या लावल्या, आमच्या सुरयानी भाषेत प्रार्थना म्हटली. स्वीडनला परत निघताना बरसौमो म्हणाला, ‘आता हे तुझ्या हाती.’ जसं काही आजवर त्याच्या हाती होतं.

२६ मे
आज चर्चमध्ये गेले, तर वेदी उलथून टाकलेली. दगडाचे तीन तुकडे. खाली माणूस उभा राहील एवढा खड्डा.

सोनं शोधतात मेले. ख्रिश्चनांनी पळताना पुरून ठेवलं म्हणे! आमच्या लोकांना पळताना पायात चपला घालायला वेळ नव्हता.

मी तशीच रमोच्या दारात गेले. भिंतीला कुदळ टेकलेली. ‘हे कोणी केलं?’

‘मी म्हटलं होतं, बहिणी. काढायला लावू नकोस म्हणून.’

म्हणजे ती धमकी होती. मेंढ्या हाकलल्याचा सूड उगवला त्याने. आईच्या हातची भाकरी खाल्ली होती या माणसाने. मी सरळ चौकी गाठली.

२७ मे
रमोला सकाळी धरून नेलं. कुदळही नेली. साहेबाने विचारलं, ‘काही सांगायचंय?’ तो माझ्याकडे बघत राहिला.

बरसौमोला फोनवर सांगितलं. ‘शाबास,’ म्हणाला. मला त्याचाही राग आला. का, कळत नाही.

२९ मे
रमोची बायको गुले वीस किलोमीटर चालत आली. बस म्हटलं तर बसेना. उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

‘तुझ्या आईनेच सांगितलं होतं त्याला. म्हणाली, मी गेल्यावर चर्चमध्ये मेंढ्या बांध. मेंढ्या असल्या की कुत्री असतात, खणणारे फिरकत नाहीत. सहा वर्षं कोणी फिरकलं नाही.’

मी विचारलं, ‘मग तो बोलला का नाही?’

‘तिने शपथ घातली होती. म्हणाली, माझ्या मुलांना कळू देऊ नकोस, त्यांना लाज वाटेल.’

तक्रारीखाली सही माझी आहे. चौकीवर जायला गाडी काढते. गुले पुढे बसायला तयार नाही.