निळ्या गाडीची पहिली खेप

प्रिय हर्षला,

फोनवर तू "बरं आई, नंतर बोलू" म्हणून विषय गुंडाळतेस. म्हणून म्हटलं, कागदावर बोलावं. कागद मध्येच कट करता येत नाही. आषाढापासून तू घरी आलेली नाहीस. कंपनीत शिफ्ट असतात, कुंभिवलीहून भिवपुरीला यायचं म्हणजे दोनदा गाडी बदलावी लागते, हे सगळं मला कळतं. पण मनोज गेल्यानंतरही तू सुट्टीच्या दिवशी न चुकता येत होतीस गं, आणि आता येत नाहीस. मी रागावलेली नाही. वाईट वाटतं, एवढंच.

आता बातमी. आपली गाडी आली! दारात नाही, शोरूमच्या आवारात उभी आहे, पण आली. अक्षय्य तृतीयेला बुक केली तेव्हा मला वाटलं होतं, फ्रिज आणतात तशी आणायची. पैसे भरले की झालं. शोरूमवाल्याने समजावलं, पांढरी हवी तर लगेच मिळेल, निळी हवी तर थांबावं लागेल. यांनी एका दमात निळी सांगितली. तू एकदा मोबाइलवर बघून "हा रंग छान आहे" म्हणाली होतीस, ते या माणसाने लक्षात ठेवलं होतं. मी सांगितलेली चहापावडर मात्र यांच्या लक्षात राहत नाही! मग रोजचे फोन सुरू झाले. कधी गाडी कारखान्यातून निघायची असायची, कधी वाटेत असायची, कधी निळी सध्या बनतच नाही असं ऐकायला मिळायचं. यांनी उत्साहाने अंगणात पत्र्याची शेड घातली. गाडी काही येईना, तेव्हा कोंबड्यांनी शेडचा ताबा घेतला. येणारा-जाणारा विचारायचा, "काय रोहिदासशेठ, गाडी हाय कुठं?" हे निमूट कोंबड्यांकडे बोट दाखवायचे.

शेवटी गाडी आली ती नेमकी पितृपक्षात. उद्या घेऊन जा, असा फोन आला. हे म्हणाले, "पितरांच्या दिसांत नवी गाडी आणत नाय आमी. पंधरवडा सरू द्या." मागे लोक थांबलेत, दुसऱ्याला द्यावी लागेल, असं शोरूमवाल्याने परोपरीने सांगून पाहिलं. हे जागचे हलले नाहीत. गाडी खोपोलीच्या कुणा डॉक्टरीणबाईंना गेली आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी! मी इतकी भडकले. म्हटलं, अहो, आपल्या घरात पितर म्हणजे आता कोण? आपला मनोजच ना? लहानपणी उंबऱ्यात बसून ताटलीचं स्टिअरिंग फिरवायचा तो. दारात गाडी आली म्हणून तो रुसला असता का? कावळ्याच्या आधी येऊन बॉनेटवर बसला असता! मी बोलून गेले आणि हे उठून शेडमधल्या कोंबड्या हाकायला गेले. बापाने मुलाचं पान वाढायचं, हे अजून यांना पेलत नाही. निदान रीत तरी चुकू नये म्हणून हा माणूस धडपडतो. त्यानंतर मी गाडीचा विषय काढला नाही.

सर्वपित्री झाल्यावर पुन्हा शोरूमला गेलो. दसऱ्याला तर सगळ्या तालुक्याला गाडी हवी असते, त्यामुळे आमचा नंबर त्यानंतरच लागणार होता. परतताना आमची शेअरची इको गाडी कुंभिवली फाट्यावर माणसं घ्यायला थांबली. समोर चहाच्या टपरीवर तू उभी होतीस. शेजारी एक उंच, चष्मेवाला मुलगा. तो काहीतरी बोलला आणि तू हसलीस, हातातला चहा सांडेपर्यंत हसलीस. मी हाक मारणार तेवढ्यात यांनी माझं मनगट धरलं. "हाक नको मारू गं. हसू दे तिला." चौक गाव येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत बसले. मग हळूच म्हणाले, "किती दिसांनी हसली पोर." मला रडू आलं. मनोजची आठवण आली, हे काय वेगळं सांगायला हवं? पण तुला तसं बघून बरंही वाटलं, फार बरं वाटलं.

घरी येऊन मी शेजारच्या साईनाथला गाठलं. तो तुमच्याच कंपनीत, त्याला सगळं ठाऊक असणार. आधी त्याने बरेच आढेवेढे घेतले, पण माझ्या हातची बोंबलाची चटणी खाल्लेली माणसं माझ्यापुढे फार वेळ टिकत नाहीत. मुलाचं नाव हर्षद, खालापूरचा, घरी आई आहे, आणि त्याने तुला लग्नाचं विचारून बरेच दिवस झालेत. तू मात्र "घरी कोणत्या तोंडानं सांगू" म्हणून त्याला थांबवून ठेवलंयस. घरी म्हणजे आम्हालाच ना गं? आमच्यापायी तू अडून बसावंस, असं आम्ही तुझ्याशी काय वागलो? साईनाथवर चिडू नकोस. चिडायचंच तर माझ्यावर चीड, पण समोर येऊन.

तर आता ऐक. पासिंग झालंय, नंबर मिळालाय, गाडी गुरुवारी सकाळी ताब्यात मिळेल. तू रजा टाक आणि शोरूमवर ये. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक तू काढायचंस. जनाआत्या म्हणत होत्या, सवाष्णीच्या हातून होऊ दे. यांनी आपल्या सख्ख्या बहिणीला "माझ्या लेकीच्या हातून होईल" एवढंच सांगितलं आणि जेवायला बसले. पूजा झाली की गाडी घरी आणायची नाही. तिथून सरळ खालापूरला जायचं, हर्षदच्या घरी. तुझ्या माहेरी आईवडील असते तर ते गेले असते. ते नाहीत, म्हणून आम्ही दोघं जाणार. यांनी कोरा सदरा शिवून घेतलाय आणि मी हर्षदच्या आईसाठी साडी आणून ठेवलीय. त्यांना आजच सांगून ठेव, गुरुवारी मुलीकडची माणसं येणार आहेत.

तुझीच,
आई