आबांच्या तापाचं नाव

आबा, तुमच्या तापाला नाव होतं. असावं, असं म्हणते. न तपासलेल्या माणसाबद्दल याहून जास्त बोलता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून जे ऐकलं, ते मी अजूनही मनात घोळवत असते.

दादाला उन्हाळ्यापासून ताप येत होता. तुमच्यामागं शेळ्या त्यानंच सांभाळल्या. संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे घामानं अंथरूण ओलं व्हायचं. मग थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. गंगापुरात एका डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून औषध दिलं, दुसऱ्यांनी मलेरिया म्हणून. आणखी एकांनी कंबरेचा फोटो काढून पट्टा बांधायला लावला. मी इकडं शहरात, औरंगपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानात कामाला. फोनवर वहिनी रडायची आणि मी गिऱ्हाइकाच्या कानामागं काडी बसते का बघत ऐकत राहायची. एक दिवस आमचे मालक, म्हातारे चाचा, म्हणाले, "बेटी, एक-एक के पास कब तक फिरते? चार डॉक्टर मिलके बैठते वैसी जगा देखो. पेट-छाती का अलग, इन्फेक्शनवाला अलग. आपस में पूछ लेते." असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. ताप म्हणजे ताप, त्याला निराळा डॉक्टर कशाला? विचारत विचारत गेले तर ते दुकानापासून फार लांबही नव्हतं. खाली कापडाचं दुकान, वर पाटी: मेडिसिन आणि संसर्गजन्य आजार. त्या गल्लीतून मी रोज जेवणाचा डबा घेऊन जात होते.

दादा जीपनं आला. कठडा धरधरून जिना चढला. आतल्या मोठ्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, सगळे जुने कागद वाचले आणि शेजारच्या खोलीतून एका बाईंना बोलावलं. माझ्याहून लहान असतील. त्यांनी कागदांना हातही लावला नाही. स्टूल ओढून दादासमोर बसल्या.

"घरी जनावरं आहेत?"

"शेळ्या हायेत. पहिले मेंढरं व्हती."

"शेळी अडली तर पिल्लू कोण ओढून काढतं?"

"मीच की."

"हातमोजे घालून?"

दादा एवढ्या तापात हसला. "शेळीला कसले हातमोजे, म्याडम?"

"आणि दूध? तापवून पिता?"

"नाय. कच्चंच. आमच्या आबापासनं तसंच हाय."

"यंदा शेळ्या गाभडल्या का? दिवस भरायच्या आधी पिल्लं पडली?"

दादाचं हसू गेलं. "व्हय. लागोपाठ गाभडल्या. तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी स्टूल माझ्या बाजूला सरकवलं. माझ्याकडं वळून विचारलं, "वडील आहेत का?" मी म्हटलं, "नाहीत. तापानं गेले." त्या म्हणाल्या, "येऊन-जाऊन ताप? कंबर धरलेली? माणूस गप्प गप्प, कामाला उठवत नाही, घरातले म्हणतात आळशी झाला? शेवटी दम लागायचा का, आडवं झोपता यायचं नाही, असं काही?"

आबा, मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ही बाई आपल्या घरात येऊन गेलीय. चुलीशेजारच्या भिंतीला पाठ लावून तुम्ही बसला आहात, ओठ सुकलेत, आणि काका दारात उभे आहेत. "ऊन तापलं की ह्याला ताप येतो. मेंढरं काय मी एकट्यानंच वळायची?" आई भाकरी थापायची थांबते. तुम्ही उठता. कंबरेला टॉवेल आवळता, काठी घेता आणि निघता. संध्याकाळी मेंढरं आधी आली, तुम्ही मागून, बांधा-बांधाला टेकत. मी तेव्हा लहान होते, पण काकांचं ते वाक्य मला आवाजासकट पाठ आहे. नंतर नंतर तर तुम्ही रात्रसुद्धा त्याच भिंतीला टेकून काढायचा.

रक्त तपासायला गेलं. चार-पाच दिवसांनी बाईंनी सांगितलं, ब्रुसेलोसिस. जनावरांकडून येतो, विताना लागणाऱ्या पाण्यातून, रक्तातून, कच्च्या दुधातून. कधीमधी हृदयाच्या झडपेपर्यंत जातो. "तुमच्या वडिलांचं मी खात्रीनं नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या, "पण ह्यांचं औषध आहे." मी औषधाचं ऐकतच नव्हते. मी 'दूध' या शब्दापाशीच थांबले होते. तुम्ही शेळीखाली बसून मला हाक मारता, मी तोंड उघडते, आणि धार थेट घशात, कोमट. आईनं पातेलं चुलीवर ठेवलं की तुम्ही म्हणायचा, "उकळून त्याची चव कशाला मारती?" आबा, तुमच्याकडं आम्हाला द्यायला तेवढंच होतं, आणि ते तुम्ही पोटभर दिलं.

दादाला सुरुवातीला इंजेक्शनं आणि मग कितीतरी आठवडे गोळ्या. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडू नका, उलटतो, असं बाईंनी वहिनीला दोनदा बजावलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. बाकी कुणाला निघालं नाही, मलाही नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, काही शेळ्या काढाव्या लागल्या. दिवाळीपर्यंत दादा बांधावर उभा राहून पोरांवर ओरडायला लागला.

आईला मी गावी जाऊन सांगितलं. तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "म्हंजी खरंच दुखत व्हतं त्यांना?" मी म्हटलं, "हो गं." ती म्हणाली, "मी त्यांना कधी बोलले नाय. पण मनात यायचं." मग ताट बाजूला सारून ती भिंतीकडं तोंड करून बसली. मी तिला हात लावला नाही. मला धीर झाला नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे लिहिलेलं सगळं मलाच तुमच्याजवळ बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना मी एक गोष्ट गाळली असती. दादा पहिल्यांदा घाम न येता रात्रभर झोपला, असं वहिनीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. चाचांना वाटलं, आनंदानं. आनंद होताच. पण मला दादाचा हेवा वाटला, आबा. तुमच्या वतीनं.