गौरीच्या गोळ्या

प्रिय रिद्धी,

तू माहेरी गेल्यापासून घर सुनं सुनं झालंय असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, आई आणि तुझे अहो, भूपेशभाऊजी, दोघं मिळून पुरेसा आरडाओरडा करतात. बाळाची आठवण मात्र सगळ्यांना येते. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तिकडे बारवीला रेंज मिळाली की तुझा फोन स्पीकरवर, आणि भोवती अख्खं घर. म्हणून तुमच्या गावच्या विठाकाकूच्या हाती पत्र देतेय. ती अंबरनाथचा बाजार आटपून गावाला परत जाते, तुझ्याच हातात देईल.

गौरी बसायच्या आधी आपल्या सासूबाई मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात आणि प्रसादासारख्या आपल्या हातावर ठेवतात. मी लग्न झाल्यापासून घेतेय. कोणाला चालतात, कोणाला नाही, आजवर कोणी विचारलेलं नाही. यंदा तूही घेतल्यास. गौरी गेल्या, गोळ्या बंद झाल्या, माझी पाळी लगेच आठवड्याच्या आत आली. तुझी अजून नाही. आई म्हणतात गोळ्यांची गरमी आहे, उतरेल. तूही तेच धरून बसलीस. वर मला हळूच सांगितलंस, गोळ्या चालू होत्या म्हणून तुम्ही दोघं बिनधास्त होतात, शिवाय बाळ अंगावर पितंय, मग राहील कसं?

तेव्हापासून माझ्या डोक्याला भुंगा लागला. शेवटी परवा उल्हासनगरला त्या सिंधी डॉक्टरबाईंकडे गेले, माझ्या एवढ्या वर्षांच्या सोनोग्राफ्या ज्यांनी केल्या त्याच. तुझं नाव घेतलं नाही. तरी बाई माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, या गोळ्या पाळी लांबवतात, दिवस राहणं थांबवत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहायचंच नाही. बंद केल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही तर गरमी-बिरमी म्हणत बसू नये, लघवीची तपासणी करावी. आणि दुधाचं म्हणशील तर बाळ आता पेज खातं, तुझी पाळीही मध्ये सुरू झाली होती, मग त्या दुधाचा काही आधार राहत नाही. मला हे सगळं एवढ्या वयात कळलं, तुला कुठून कळणार होतं बाई.

विठाकाकूसोबत दिलेल्या पिशवीत बाळाच्या झबल्यांखाली तपासणीची पट्टी आहे. सकाळच्या पहिल्या लघवीवर कर. दोन रेघा आल्या तर उमगेलच. एकच आली आणि पाळीही आली नाही, तर काही दिवसांनी पुन्हा करायची आणि तरी नाहीच आली तर डॉक्टरकडे जायचं. मेडिकलमधून परस्पर कसलीही गोळी आणून खाऊ नकोस, तुझ्या पोटावर टाके आहेत.

त्या टाक्यांचंच मला भ्या वाटतं. तुझं सिझर झालं तेव्हा दाराबाहेर मी होते. रक्त थांबत नव्हतं, भाऊजी रक्ताच्या बाटलीसाठी कल्याणपर्यंत पळाले होते आणि आई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. दोन वर्षं तरी थांबा, आतली शिवण कच्ची असते, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. घरी आल्यावर बारसं, पाहुणे, पेढे, या सगळ्यात ते मागे पडलं. तांबी बसवायचं निघालं की आई विषय बदलायच्या. मी विसरले नाही, रिद्धी. तुझा तेव्हाचा पांढराफटक चेहरा मला अजून दिसतो.

माहेरी निघालीस तेव्हा रिक्षात बसताना तू माझा हात धरून म्हणालीस, काही असलंच तर ते तुमचं, ताई. दुसऱ्या दिवशी दिवा लावताना आईही तेच बोलल्या, की दुसरं थोरलीच्या ओटीत घालू. म्हणजे तुमचं आधीच बोलणं झालं होतं. मी दोन्ही वेळा गप्प राहिले आणि त्याला तुम्ही होकार समजलात, असं मला वाटतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. मला मूल हवंय. खूप हवंय. पण तुझा जीव टांगणीला लावून मिळणारं मला नको. ठेवायचं असेल तर तुला आणि भाऊजींना हवं म्हणून, आणि बाईंना विचारून ठेव. नको असेल तर फक्त ये म्हण, मी तुला घेऊन उल्हासनगरला जाते. बाई म्हणाल्या, सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याचीही लागत नाही, आणि लवकर आलं तर सोपं जातं. आईंना काय सांगायचं ते मी बघते, शिव्या मी खाईन. पण माझ्यासाठी म्हणून ते पोटात वाढवू नकोस. तू गेलीस तर त्या पोराला मी कुठल्या तोंडाने मांडीवर घेऊ?

तुझीच,
उन्नतीताई