माझ्या सहीचा अहवाल

१७ जून
शाळा सुरू. मुख्याध्यापिका म्हणून माझं इथलं दुसरं वर्ष. तिसरी ते पाचवीच्या मुलांना एकेक करून जवळ बसवलं, दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला. पंचेचाळीसपैकी एकोणीस जणांना आला. बाकीची अडखळली, काही नुसतीच माझ्याकडे बघत राहिली.

मार्चमध्ये तालुक्याला पाठवलेला अहवाल कपाटातून काढला. 'सर्व विद्यार्थी वाचनात प्रगत.' खाली सही माझी. वर्गशिक्षकांनी भरून आणला, मी केली. घाई होती, शेवटचा दिवस होता... नाही. बघितलं नाही, एवढंच खरं.

१९ जून
केंद्रप्रमुखांना फोन. "मॅडम, झेडपीची निवडणूक तोंडावर आलीय. आपल्याला आदर्श शाळेची पाटी मिळायचीय. आत्ताच कशाला?"
मग कधी, विचारलं. त्यांना दुसरा फोन आला म्हणे.

२३ जून
सरपंच आबा सकाळीच ऑफिसात. डिजिटल वर्ग त्यांच्या गटानं आणलेला, दारावर त्यांच्या नेत्याचा फोटो. "बाई, ह्यो आकडा भाईर गेला तर तात्या चौकात फ्लेक्स लावंल. तुमचं बी नाव जाईल त्यात."
"नाव जाऊ द्या आबा. पोरं अशीच पाचवीतून पुढं जातील, त्याचं काय?"
चहा न घेता गेले.

२४ जून
बातमी फुटलीच. दुपारी तात्या हजर. विरोधी गटाचे; दोन वर्षांमागपर्यंत सरपंच हेच. बोलणं एकदम गोड. "तुमी फकस्त न वाचनाऱ्या पोरांची यादी द्या बाई. बाकीचं आमी बगतो. तुमच्या केसाला धक्का लागनार न्हाय."
"यादीत तुमची नात पण आहे, तात्या."
"आमची आरोही? इंग्लिश पोएम म्हनती की ती!"
यादी दिली नाही.

२७ जून
ह्यांना काळजी. "बदली झाली तर पार वेल्ह्याला टाकतील." ह्यांची नोकरी कारखान्यात, भवानीनगर सुटायचं नाही.
माझं ठरलंय. पालकसभा घ्यायची. आकडा मीच सांगणार. मुलांची नावं नाहीत. ठरल्यापासून कसं हलकं वाटतंय.

१ जुलै
सभा. शाळा समितीच्या अध्यक्षा रुक्मिणीताई, घरची धरणातली मासेमारी. आजवर त्यांना फक्त सहीला बोलवायचे. आज म्हटलं, खुर्चीत बसा. वर्ग भरलेला, खिडक्यांतही माणसं.

फळ्यावर लिहिलं, ४५ पैकी १९. मग मी म्हणाले, मार्चच्या अहवालावर माझी सही आहे, तो अहवाल खोटा आहे, चूक माझी. आवाज कापेल वाटलं होतं. नाही कापला.

आबा आणि तात्यांची लगेच जुंपली. तुमच्या काळात, न्हाय तुमच्याच काळात. रुक्मिणीताई उठल्या. "भांडायचं आसंल तर पारावर जावा. हितं पोरांचं चाललंय." मग दोघांकडे वळून म्हणाल्या, "आठवड्यातनं एक तास यिऊन तुमी दोगं पोरांचं वाचन आयकनार का? समद्यांम्होरं सांगा."
तात्या व्हय म्हणाले. मग आबांना म्हणावंच लागलं. हसू कसंबसं आवरलं.

१० जुलै
तात्या आले, फोटोवाल्याला घेऊन. त्याला गेटबाहेर उभं केलं. तात्या नातीसमोर बसले. 'चिमणीने घरटे बांधले.' आरोही 'चि'वर थांबली ती थांबलीच. तात्या पुस्तक हातात धरून, मान खाली.
जाताना म्हणाले, "रोज माझ्या शेजारी जेवायला बसती. मला ठावंच न्हवतं, बाई."

१८ जुलै
रोज पहिला तास फक्त वाचन. आबाही येतात. चष्मा विसरतात, पण येतात. चौथीचे सर रुसलेत. "आम्हाला उघडं पाडलंत." त्यांना म्हटलं, आधी स्वतःला पाडलं, मग तुम्हाला. उद्यापासून दोघं मिळून घेऊ तुमचा वर्ग. बघू.

२९ जुलै
कारणे दाखवा नोटीस. खोटा अहवाल पाठवून दिशाभूल केल्याबद्दल. तक्रार कोणाची, लिहिलेलं नाही. आबा म्हणतात तात्यांची, तात्या म्हणतात आबांची.

खरं सांगितलं तेव्हाच खोट्याची चौकशी लागली! दिवसभर चिडचिड. पण नोटिशीत लिहिलंय त्यात चूक काहीच नाही. एका पानात खुलासा लिहिला. दुसऱ्या कुणाचं नाव घातलं नाही. शेवटी एकच विचारलंय: असे अहवाल येतात, तेव्हा शाळेत येऊन एकाही मुलाचं वाचन कोणी ऐकतं का?
हे म्हणाले, ते वाक्य काढ. नाही काढलं.

२१ ऑगस्ट
धरण भरत आलंय, पळसदेवचं जुनं देऊळ पुन्हा पाण्यात. आज सगळ्यांचं वाचन परत घेतलं, रुक्मिणीताई आणि चार आयांसमोर. पंचेचाळीसपैकी एकतीस! आरोही अजून त्यात नाही, पण अक्षरं जोडायला लागलीय. चौथीच्या सरांनी स्वतः खडू घेतला आणि आकडा फळ्यावर लिहिला.
आदर्श शाळेची पाटी दुसऱ्या गावाला गेली, असं ऐकलं.

२५ ऑगस्ट
उद्या पुण्याला सुनावणी. बदली, निलंबन, की नुसती समज, कोणालाच सांगता येईना. आबा म्हणतात वर बोलतो. तात्याही तेच म्हणतात. दोघांनाही नको म्हटलं. माझं मी बोलेन.

शाळा सुटल्यावर रुक्मिणीताईंना विचारलं, उद्या मी नाही, पहिल्या तासाला माझ्या वर्गातल्या मुलांचं वाचन कोण ऐकणार?
"मी आयकते की."
त्यांना स्वतःच्या सहीपुरतीच अक्षरं येतात. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "मला वाचाया येत न्हाय बाई. पन पोर कुठं अडलं त्ये कळतंय. अडल्याली मी माझ्यापाशी बसवून ठिवते. तुमी आला की बगा."
शाळेची किल्ली त्यांच्याकडे देऊन निघाले.