फोटोशी जुळलेला माणूस

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, चिंचोली निंबा, जि. बुलढाणा

विषय : सापडलेली व्यक्ती अर्जदाराचे पती नसल्याने, मोठ्या रिझोल्युशनच्या फोटोवरून शोध पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : आपल्या ठाण्यातील माणूस हरवल्याची नोंद व ती बंद केल्याचा शेरा.

महोदय,

१) अर्जदाराच्या पतींना विसरण्याचा आजार असून ते आठवडी बाजारातून घरी परतले नाहीत. ठाण्याने फोटो मागितला, तेव्हा पुतण्या राजकुमार याने दोन दिले. एकात पती एकटेच आहेत. परंतु तो हरिपाठाच्या दिवशी, कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून, कॅमेऱ्याचे रिझोल्युशन अगदी कमी ठेवून काढलेला. दुसरा गर्दीचा, पण सर्वांत मोठ्या रिझोल्युशनचा. त्यात पती मागच्या रांगेत ज्वारीच्या दाण्याएवढे दिसतात, पण मोठे करून पाहता भुवईवरची चामखीळसुद्धा स्पष्ट दिसते. जमादार शंकरराव म्हणाले, "याच्यात त गर्दीच हाय. एकटा माणूस असलेलाच द्या."

२) तो एकट्याचा फोटो ठाण्याने शोधपत्रकावर वाढवल्यावर चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. टोपी आणि मिशी तेवढी कळते. अशी टोपी-मिशी आपल्या भागात घरोघरी आहे, साहेब.

३) सोमवारी जमादारांच्या जीपमधून एक वृद्ध गृहस्थ दारी उतरले. दारी आलेल्याला जेवू घातल्याशिवाय आपण अन्न घ्यायचे नाही, असा अर्जदाराचा रोजचा नेम आहे. जमादारांचे कोणी पाहुणे समजून, काही न विचारता, पाट मांडून वाढले. तेवढ्यावरून "पत्नीने ओळखून घरात घेतले" अशी नोंद झाली. अर्जदार हळूच म्हणाली, की हे आमच्या घरचे नाहीत. तर जमादार म्हणतात, "अवो काकू, फोटोशी जुळून राह्यले ना! बाहेर राहून माणूस बदलतेच."

४) काल वडनेर भोलजीच्या भाजीवाल्या जनकाबाईंनी पतींना महामार्गाच्या कडेने अनवाणी जाताना पाहिले. ट्रक जोरात असतात. ठाण्यात धावत जाऊन सांगितले, तर उत्तर मिळाले, "तुमचा माणूस त तुमच्या घरी हाय. एकच माणूस दोनदा कसा शोधाव?"

५) जीपमधून आलेले ते बाबा अजून घरीच आहेत; दिवेलागणीला विचारतात, "माह्या घरचे मले धुंडून राह्यले असतील ना, बाई?" अर्जदार नुसती हो म्हणते.

तरी बंद केलेली नोंद आजच उघडून, गर्दीच्या फोटोतला पतींचा चेहरा कापून नवे पत्रक महामार्गावर लावावे. थंडी पडू लागली आहे, उद्यावर ढकलू नये, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र,
सुभद्राबाई शालिग्राम उमाळे
दि. २७ नोव्हेंबर

सोबत :
१. गर्दीचा फोटो, मूळ कार्डासह. मोबाइलवरून पुढे पाठवू नये, बारीक होतो.
२. घरी असलेल्या बाबांचा फोटो, जवळून व सर्वांत मोठ्या रिझोल्युशनवर काढलेला. यांचेही पत्रक लावावे. नावाची जागा कोरी ठेवावी.