उलटा पीळ

शुक्रवार, ता. ९

ताई, नमस्कार.

एका हाताने नळी धरून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. दिव्याच्या वायरीच्या जोडावर चढवलीय. गरम केली की आक्रसून घट्ट बसते. गार होईपर्यंत हलवायची नाही. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, ती त्याहून जास्त. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

तू सांगितल्याप्रमाणे भाऊजींची होडी दुरुस्त करतोय. वायरी बाहेरून धडधाकट होत्या, आत तांब्याचा हिरवा भुगा. खारं पाणी असंच खातं. सगळ्या नव्या घातल्या. जोडांना ग्रीस, वर नळी, आणि प्रत्येक जोडाआधी वायरीला झोळ, म्हणजे तिच्यावरून ओघळत आलेलं पाणी तिथेच गळून पडतं. भाऊजींचीच शिकवण. "पाण्याला दारातूनच वाटेला लावायचं, मेव्हण्यासारखं," म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे.

भाऊजींना घेऊन गेलेली होडी रिकामी परत आली, सगळे त्यांना शोधून थकले. तू थकली नाहीस. रविवारी येऊन होडी घेऊन त्यांना शोधायला निघणार आहेस.

होडी तयार आहे असं मी लिहायला हवं होतं.

रोज संध्याकाळी इंजिन सुरू करायची वायर जोडतो, शेडला कुलूप लावतो. किल्ली एकच, माझ्या खिशात. सकाळी ती वायर सुटलेली असते. तुटलेली नव्हे, ताई. सोडवलेली. उघड्या टोकाला ग्रीस, वर नळी, तोंड बंद. खार लागू नये म्हणून.

पहिल्यांदा वाटलं, मीच विसरलो. मग नळी कापून पाहिली. तारांचा पीळ उलटा होता. डावखुऱ्या हाताचा. आपल्यात डावखुरं कोण होतं, ते तुला माहीत आहे. 'होतं' लिहिलं म्हणून रागावशील.

शेजारच्या सुताराला दाखवलं.

"उंदीर असेल."

"ग्रीस लावणारा?"

तो हसला नाही. त्यानंतर शेडमध्ये आलाही नाही.

आज ती वायर मी जोडलेली नाही. सोडवणाऱ्याला तुझं जाणं नको आहे. मलाही नको आहे. एवढंच फोनवर म्हणता येत नव्हतं. येऊ नकोस, ताई.

ज्याचं तू कधीच ऐकलं नाहीस तो,
धाकटा

शनिवार, सकाळ

पत्र सकाळच्या एसटीने पाठवायला निघालो होतो, आजच तुला मिळावं म्हणून. वाटेत शेड उघडून पाहिली. वायर जोडलेली आहे. नळी अजून कोमट आहे. आतला पीळ पाहिला नाही. त्याला तुझं जाणं नको होतं, की फक्त माझा जोड नको होता?

तुझ्या घरी फोन केला. घराची किल्ली ठेवलेल्या शेजारणीने उचलला. "अहो, त्या तर पहाटेच निघाल्या. होडी तयार झाल्याचा निरोप आला म्हणाल्या. किती दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना!"

निरोप मी पाठवलेला नाही.